अकरा लाखांचं उत्पन्न आणि पाऊण कोटीची फी: एक एकर विकण्याआधी

पत्र

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मिस्टरांचं कराडजवळ शेतीची अवजारं आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. दोघांचं मिळून वर्षाला अकरा लाखांच्या आसपास येतं. अडीच एकर ऊस आहे, पण सातबारा दिरांबरोबर सामाईक. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचं औषधपाणी चालू असतं. मुलगा सातवीत, मुलगी अकरावी सायन्सला. तिला गणिताचं वेड आहे आणि बारावीनंतर अमेरिकेतल्या कॉलेजात जायचंय. ती म्हणते, तिथली नामवंत कॉलेजं घरची परिस्थिती बघून सगळा खर्च उचलतात. आम्ही पुण्यात एका सल्लागारांकडे गेलो. ते म्हणाले, ‘मदत मागितली की अर्ज मागे पडतो. मदत नको असं लिहा, पहिल्या वर्षाचे पैसे उभे करा, पुढचं पुढे बघू.’ मिस्टर म्हणतात, कुणापुढे हात पसरण्यापेक्षा एक एकर काढू. मला रात्रीची झोप लागत नाही. मुलगी म्हणते ते खरं आहे का? आम्ही काय करावं?

एक आई, कराड

उत्तर

ताई,

जमीन विकू नका, गहाणही ठेवू नका. सल्लागारांना पैसे दिले नसतील तर तेही थांबवा. हे सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण उत्तर वाचून होईपर्यंत घरात एखादा निर्णय होऊन बसायला नको.

तुमची मुलगी सांगते ते खरं आहे. तिने नीट वाचलेलं दिसतं. अमेरिकेतल्या काही मोजक्या, प्रवेशाला अतिशय कठीण अशा कॉलेजांत पदवीच्या विद्यार्थ्याला मिळणारी मदत फक्त घरच्या परिस्थितीवर ठरते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीगमध्ये मोडतात, त्या आठही विद्यापीठांत मार्कांवर मिळणारी शिष्यवृत्ती हा प्रकारच नाही. आत आलेला प्रत्येक जण हुशार आहे, मग हुशारीबद्दल वेगळे पैसे कुणाला आणि का द्यायचे, असा त्यामागचा विचार. पैसे द्यायचे ते ज्याला परवडत नाही त्याला.

आणि देतात ते हात राखून देत नाहीत. हार्वर्डमध्ये शिकवणीची फी, राहणं आणि जेवण मिळून वर्षाचा खर्च ८५ हजार डॉलरच्या वर गेला आहे. डॉलर ८५ ते ९० रुपयांच्या घरात धरला तर जवळपास पाऊण कोटी रुपये, तेही एका वर्षाचे. मार्च २०२५ मध्ये हार्वर्डने जाहीर केलं की ज्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत आहे आणि मालमत्ता फार मोठी नाही, त्याने यातलं काहीच भरायचं नाही. उत्पन्न २ लाख डॉलरपर्यंत असेल तर शिकवणीची फी माफ. एमआयटीनेही २०२५ च्या सत्रापासून याच आकड्यांचा नियम लावला. प्रिन्स्टन त्याच वर्षी आणखी पुढे गेलं: दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक घरांना सगळा खर्च माफ, अडीच लाखांपर्यंत शिकवणीची फी माफ. हे नियम तिथे परदेशी विद्यार्थ्यांनाही तेच लागू आहेत. ही रक्कम परत करायची नसते. प्रिन्स्टनने २००१ सालीच मदतीतून कर्ज काढून टाकलं आणि त्याच्या जागी अनुदान दिलं. पुढे इतर श्रीमंत विद्यापीठं त्या वाटेने गेली.

एवढा पैसा येतो कुठून, असं मिस्टर विचारतील. माजी विद्यार्थ्यांनी आणि देणगीदारांनी पिढ्यानपिढ्या दिलेल्या निधीतून. हार्वर्डचा निधी २०२४ मध्ये ५३ अब्ज डॉलर होता, प्रिन्स्टनचा ३४ अब्ज. मुद्दल गुंतवलेलं राहतं आणि त्याच्या उत्पन्नातला काही भाग दरवर्षी खर्चायला काढतात.

आता तुमचे अकरा लाख बघू. डॉलरमध्ये ते साधारण बारा-तेरा हजार होतात. हार्वर्डच्या पूर्ण माफीची मर्यादा याच्या सात-आठ पट वर आहे. तिथल्या हिशेबात आईवडिलांनी भरायची रक्कम तुमच्यासारख्या घराला बहुधा शून्य किंवा शून्याच्या आसपास निघते. तुम्ही शिक्षिका आहात, घर कष्टाने चालवता, आणि आजवर ‘गरजू’ हा शब्द तुम्ही दुसऱ्यांच्या मुलांसाठी वापरला असेल. या एका अर्जापुरतं तुमचं घर गरजू आहे. त्यात कमीपणा काही नाही. पाऊण कोटीपुढे बहुतेक जग गरजू आहे.

याची दुसरी बाजू बघा, मला ती फार बोचते. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. चांगला निर्णय आहे, पण उत्पन्नाची अट ८ लाखांच्या आत. आयआयटीत शिकवणीची फी वर्षाला २ लाख. घरचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर सगळी माफ, ५ लाखांपर्यंत असेल तर दोन तृतीयांश माफ. तुम्ही दोन्हीकडे रेषेच्या पलीकडे. इथे तुम्ही मदतीला पात्र ठरत नाही इतक्या सुस्थितीत, आणि तिथे फी भरायची गरज नाही इतक्या अडचणीत. पगारदार शिक्षक, छोटे वर्कशॉपवाले, सामाईक सातबाऱ्यावरचे बागायतदार, असे हजारो लोक या मधल्या पट्ट्यात आहेत आणि त्यांना कुणी हे सांगत नाही. ‘अमेरिका म्हणजे श्रीमंतांचं काम’ असं ऐकून ते चौकशीच करत नाहीत.

सल्लागारांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही कॉलेजं दोन रीतींनी वागतात. काही ठिकाणी प्रवेश ठरवताना तुम्ही मदत मागितली आहे की नाही हे बघितलंच जात नाही. त्याला नीड-ब्लाइंड म्हणतात. भारतातून अर्ज करणाऱ्यालाही हा नियम लावणारी आणि निघालेली गरज पूर्ण भागवणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन, २०२५ च्या प्रवेशांपासून ब्राउन आणि नोत्र दाम, आणि अलीकडे सामील झालेली एखाद-दोन. इथे मदत मागितल्याने अर्ज मागे पडतो हे सरळ चूक आहे.

दुसरी रीत नीड-अवेअर. इथे मदत मागणं प्रवेशाच्या वेळी विचारात घेतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठरलेला पैसा असतो आणि तो पुरवायचा असतो, त्यामुळे मोठी मदत लागणाऱ्याला दार जरा अरुंद होतं. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, ड्यूक, शिवाय विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल, आणि स्मिथ, माउंट होल्योक, ब्रिन मॉर ही मुलींची जुनी कॉलेजं या गटात येतात. पण यांच्याबद्दल सल्लागारांनी तुम्हाला न सांगितलेली गोष्ट अशी की एकदा प्रवेश दिला की यातली कॉलेजं गरज पूर्ण भागवतात. गणिताचं वेड असलेल्या मुलीला स्वार्थमोर किंवा ग्रिनेल ही नावं कराडात कुणी सांगणार नाही. तिथे वर्ग लहान असतात, प्राध्यापक पदवीच्या मुलांना स्वतः शिकवतात आणि पुढे पीएचडीला जाणाऱ्या मुलांचं प्रमाण मोठं असतं. तिच्या यादीत ती जरूर असू द्या.

सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग ‘पुढचं पुढे बघू’ हा आहे. बऱ्याच नीड-अवेअर कॉलेजांचा लेखी नियम आहे की परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या अर्जाबरोबर मदत मागितली नसेल, तर पुढे चारही वर्षं ती मागता येणार नाही. म्हणजे तुम्ही एक एकर विकून पहिलं वर्ष काढाल, दुसऱ्या वर्षी कॉलेजचं दार वाजवाल, आणि ते नियमाकडे बोट दाखवतील. मुलगी तिथे, जमीन गेलेली, आणि अजून तीन वर्षांचा खर्च समोर. हे कुणाच्या बाबतीत होऊ नये. गरज आहे तर पहिल्या अर्जातच, पूर्ण, खरी मागायची.

तिसरा एक प्रकार आहे आणि पुण्या-मुंबईतले बरेच दलाल तुम्हाला त्याच दिशेने नेतील. ही कॉलेजं प्रवेशाला तुलनेने सोपी असतात आणि ‘स्कॉलरशिप’ हसत देतात. पत्रात ठळक लिहिलेलं असतं: वर्षाला २५ हजार डॉलर. घरात पेढे वाटले जातात. पण एकूण खर्च ८० हजार असेल तर उरलेले ५५ हजार डॉलर कोण भरणार? ते दरसाल ४५ लाखांच्या वर जातात. शिष्यवृत्तीचा आकडा किती मोठा यापेक्षा ती वजा करून खाली काय उरतं तेवढंच वाचायचं. अशा कॉलेजांसाठी शैक्षणिक कर्ज काढू नका. मास्टर्ससाठी काढलेल्या कर्जाचं गणित वेगळं असतं, बॅचलर्सला चार वर्षांचं ओझं घेऊन तुमच्यासारखं घर सावरायला फार वेळ लागतो.

आता जे ऐकायला जड जाईल ते सांगते. मदत उदार आहे, प्रवेश उदार नाही. एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरात दोन-तीनच निवडले जातात. हार्वर्डमध्ये सगळे अर्जदार मिळूनही शंभरात चारच्या आसपास. शिवाय ज्यांना आत घेतात त्यांत पैसेवाल्यांची मुलं अजूनही प्रमाणाबाहेर जास्त आहेत. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की परीक्षेतले गुण सारखे असूनही, अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या अतिनिवडक कॉलेजांत पोचतात. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप, खेळाडूंची भरती, महागड्या शाळांतून येणारी भारदस्त शिफारसपत्रं, ही त्यामागची कारणं. चेट्टींच्याच आधीच्या, २०१७ च्या अभ्यासात अशी ३८ कॉलेजं निघाली होती, जिथे वरच्या एक टक्क्यातली मुलं खालच्या साठ टक्क्यांतल्या मुलांपेक्षा संख्येने जास्त होती.

म्हणून या औदार्याबद्दल मला आदरही आहे आणि तक्रारही आहे. निवडलेल्या प्रत्येक मुलामागे ही विद्यापीठं जेवढा खर्च करतात तेवढा जगात फार कमी संस्था करत असतील. पण निवडलेली मुलं फार थोडी. मदतीचा मोठा आकडा वाचून आपण मनात प्रवेशही मिळाल्यातच धरतो. हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. ‘परवडेल का?’ याचं उत्तर तुमच्या बाबतीत हो आहे. ‘मिळेल का?’ याचं उत्तर कुणाच्याच हातात नाही, आणि मिळालं नाही तर तो तुमच्या मुलीच्या बुद्धीवरचा निकाल नसेल. हे तिला निकालाच्या दिवशी सांगून उपयोग नाही, आत्तापासून सांगत राहा.

अर्जाच्या पैशांच्या भागाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारख्या घरांचा गोंधळ तिथेच होतो. बहुतेक कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा ऑनलाइन फॉर्म मागतात. कॉलेज बोर्ड ही संस्था तो चालवते आणि दरवर्षी १ ऑक्टोबरच्या सुमारास तो उघडतो. परदेशी कुटुंबांना तो आपल्या चलनात, म्हणजे रुपयांतच भरता येतो, डॉलरची आकडेमोड करत बसू नका. फाफसा नावाचा दुसरा फॉर्म तुम्हाला इंटरनेटवर सगळीकडे दिसेल. तो अमेरिकन नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठी आहे, तो सोडून द्या.

या फॉर्ममध्ये उसाचे पैसे येतातच. आपल्याकडे शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे ते ‘दाखवायचं नसतं’ अशी सवय लागलेली असते. इथे करमुक्त उत्पन्नही विचारतात. कारखान्याचं बिल बँकेत जमा होतं, पासबुकात दिसतं, ते वजाखर्च कसं उरतं ते लिहा. लागण, खतं, पाणीपट्टी, तोडणी यांचा खर्च साध्या वाक्यांत मांडा. अडीच एकरांची किंमत विचारतील तेव्हा तुमच्या हिश्शाचीच लिहा, आणि खास परिस्थिती सांगायला जो रकाना असतो तिथे स्पष्ट करा की जमीन वडिलोपार्जित आहे, दिरांबरोबर सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, विकायला सगळ्यांची संमती लागते आणि घराचा काही भाग तिच्यावरच चालतो. अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला सातबारा म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नाही. इंग्रजी भाषांतर जोडा आणि चार ओळींत समजावून सांगा. हे अधिकारी जगभरातल्या घरांचे कागद वाचतात, समजून घेणं हे त्यांचं कामच असतं.

सासूबाईंची औषधं, मुलाचं पुढचं शिक्षण, वर्कशॉपच्या मशिनांवरचं कर्ज असेल तर ते, सगळं लिहा. तुमच्या निवृत्तीच्या पैशांची शिल्लक विचारतील, पण बहुतेक कॉलेजं ती फीसाठी वापरा असं म्हणत नाहीत. तुमचा फॉर्म १६, मिस्टरांचं आयकर विवरण, बँकेची पानं आत्तापासून एका फाइलमध्ये ठेवा. आणि कुणी उत्पन्न कमी दाखवून देतो म्हणाला तर त्याच क्षणी उठून या. खोटं सापडलं तर दिलेला प्रवेश रद्द होतो, आणि तुम्हाला खोटं बोलायची गरजही नाही. तुमचं खरं उत्पन्न पुरेसं कमी आहे.

जमीन विकू नका म्हणण्याचं एक हिशेबी कारणही यातच आहे. विकलेल्या एकराचे पैसे बँकेत आले की फॉर्मवर ते रोख शिल्लक म्हणून दिसतात आणि तेवढी तुमची गरज कमी धरली जाते. हा फॉर्म दरवर्षी नव्याने भरायचा असतो. पिकाचं नुकसान झालं, आजारपण आलं, वर्कशॉप बंद राहिलं तर मदतीचा फेरविचार करायला पत्र लिहिता येतं, आणि कारण खरं असेल तर तो होतो.

फॉर्मला आणि अर्जांना थोडे पैसे पडतात, त्यातही माफी मागता येते. प्रवेश अर्जाची फी माफ करून घ्यायला शाळेच्या प्राचार्यांचं पत्र चालतं. सीएसएसच्या फीबद्दल त्या त्या कॉलेजच्या मदत कार्यालयाला मुलीनेच ईमेल लिहावा. दोन परिच्छेद पुरतात. अमेरिकेतल्या कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर खर्चाचं गणकयंत्र ठेवणं २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे, पण ते तिथल्या करदात्यांसाठी बेतलेलं असतं, त्यामुळे त्यातून फक्त अंदाज घ्या. सल्ला हवाच असेल तर अमेरिकन सरकारचं ‘एज्युकेशन यूएसए’ मोफत सल्ला देतं. भारतात ते युसिफ या संस्थेमार्फत चालतं आणि मुंबईत त्याचं केंद्र आहे. सॅट या प्रवेश परीक्षेच्या सरावासाठी खान अकॅडमीवर सगळं फुकट आहे.

आता मिस्टरांच्या ‘हात पसरण्या’बद्दल. त्यांचा स्वाभिमान मी हलक्यात घेत नाही. ज्या माणसाने स्वतःच्या हातांवर वर्कशॉप उभं केलं त्याला हे खुपणारच. त्यांना एवढंच सांगा की हार्वर्डमधल्या निम्म्याहून अधिक मुलांना अशी मदत मिळते. वर्गात कोण फी भरून आला आणि कोण मदतीवर, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. आणि आपल्या मातीत ही गोष्ट परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काढली ती तुमच्याच कराड तालुक्यातल्या काले गावी. वसतिगृहात ज्याला परवडत नाही त्याचा भार समाजाने उचलायचा आणि त्या मुलाने कमवून शिकायचं, ही त्यांची रीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्यासाठी परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार त्यांना करावा लागला होता. आज तुमच्या मुलीला मिळू शकणाऱ्या मदतीला तसा कुठलाच करार नसतो.

कमवा आणि शिका मात्र तिथेही आहे. मदतीच्या पत्रात विद्यार्थ्याने स्वतः वर्षाला काही हजार डॉलर कमवावेत असं धरलेलं असतं. ग्रंथालयात, भोजनगृहात, प्रयोगशाळेत काम. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॉलेजच्या आवारात काम करता येतं. तिने आत्ताच घरात एखादं ठरलेलं काम अंगावर घेतलं तर पुढे जड जाणार नाही.

कुणी न सांगणारा एक खर्च आहे: कर. शिकवणीची फी आणि सक्तीची पुस्तकं यांसाठी मिळालेल्या मदतीवर कर नसतो. राहणं, जेवण, प्रवास यांसाठी मिळालेल्या भागावर असतो, आणि विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी मुलांच्या बाबतीत कॉलेज त्याचे १४ टक्के आधीच कापतं किंवा बिलात लावतं. राहण्या-जेवणाचे वीस हजार डॉलर धरले तर २,८०० डॉलर होतात, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास. दिलासा असा की भारत-अमेरिका कर कराराच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना तिथली प्रमाणित वजावट घेता येते. पुढच्या वर्षी १०४०-एनआर हे विवरण भरलं की कापलेल्यातला बराच मोठा भाग परत येतो. पण मधले महिने ते पैसे हातात नसतात. काही कॉलेजं हा करही मदतीतून भरतात. प्रवेश मिळाला तर पत्र आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, दुसरा आरोग्य विम्याचा, तिसरा विमान तिकिटाचा. हार्वर्ड पूर्ण मदतीवरच्या मुलांना पहिल्या वर्षी सुरुवातीच्या खर्चासाठी २,००० डॉलर देतं, थंडीचे कपडे त्यातून होतात. सगळीकडे तसं नसतं. व्हिसाचं शुल्क, कागदपत्रं, मुंबईच्या फेऱ्या हे तुमच्याच खिशातून जाईल.

व्हिसाबद्दलही उघड बोलायला हवं. मे-जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या होत्या. त्याच काळात हार्वर्डमध्ये परदेशी विद्यार्थी घेण्यावरच तिथल्या केंद्र सरकारने बंदी आणायचा प्रयत्न केला आणि न्यायालयाने तो अडवला. श्रीमंत विद्यापीठांच्या निधीच्या उत्पन्नावरचा करही २०२५ च्या कायद्याने वाढवला आहे: पूर्वी १.४ टक्के होता, आता सर्वांत श्रीमंतांना ८ टक्क्यांपर्यंत. तुमची मुलगी जाईल तोवर चित्र कसं असेल ते सांगता येत नाही, म्हणून फक्त अमेरिकेवर विसंबू नका.

त्यासाठी जेईई आणि सीईटीची तयारी चालू राहू द्या. अमेरिकेच्या अर्जात निबंध आणि शिफारशी लागतात, पण बारावीचे गुण आणि गणिताची खोली दोन्हीकडे उपयोगी आहे, म्हणून हा वेळ वाया जाणार नाही. आपल्याकडेही गरज बघून फी कमी करणारी विद्यापीठं आहेत. सोनीपतचं अशोका आणि बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ ही त्यांतली ठळक. अशोकामध्ये गणिताचा चांगला विभाग आहे, मदतीचा अर्ज वेगळा करायचा असतो. ही दोन नावं दुय्यम म्हणून लिहीत नाही. मला स्वतःला वाटतं, मधल्या पट्ट्यातल्या घरांसाठी असा विचार आपल्या सरकारी संस्थांनीही करायला हवा. एका रेषेच्या आत सगळं माफ आणि एका रुपयाने बाहेर गेलं की सगळी फी, ही रीत बदलून उत्पन्नाप्रमाणे फी चढत जावी. ज्यांच्या हातात हे आहे त्यांच्यापर्यंत तुमच्यासारख्यांची पत्रं गेली पाहिजेत.

‘अर्ली डिसिजन’ म्हणून एक अर्ज असतो, त्यात प्रवेश मिळाला तर जावंच लागतं. मदत अपुरी असेल तर त्यातून सुटता येतं, तरीही पूर्ण गरज भागवणारं कॉलेज असल्याची खात्री नसेल तर तो भरू नका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांचा १ नोव्हेंबरचा लवकरचा अर्ज तसं बांधून घेत नाही. बाकीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेर, आणि उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ.

या आठवड्यात एकच काम करा. तुम्ही, मिस्टर आणि मुलगी एकत्र बसा आणि घर दरवर्षी जास्तीत जास्त किती देऊ शकतं हा आकडा ठरवा. जमीन, सासूबाईंची औषधं, मुलाचं शिक्षण आणि तुमची निवृत्ती यांना धक्का न लावता. तो एक लाख असेल, दीड असेल, कितीही असो, कागदावर लिहा आणि मुलीला दाखवा. मार्चमध्ये पत्रं येतील तेव्हा ज्या कॉलेजचा उरलेला आकडा यापेक्षा जास्त असेल, त्याला तिने स्वतःच नकार कळवायचा, हेही त्याच बैठकीत तिच्याकडून कबूल करून घ्या. आणि मिस्टरांना त्या बैठकीत सांगा की एक एकराचा विषय आता बंद.